चावला तेव्हा काय केलंत?

मावशींच्या घरी खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, व्हिसा विचारला नाही, नॉनव्हेज करणार का हेही विचारलं नाही. टेक्सासमधल्या फ्रिस्कोत भाड्याची खोली शोधताना या प्रश्नांची मला इतकी सवय झाली होती की उत्तरं ओठांवर तयार असायची. मावशींनी दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सापांना घाबरतेस?"

मला वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली.

"हो," मी म्हणाले. "खूप."

"छान. चपला इथंच काढ. चहा घेशील नं?"

नंतर कळलं की माझ्या आधीचा भाडेकरू अजिबात न घाबरणारा होता. डॅलसच्या कुठल्याशा युनिव्हर्सिटीत मास्टर्स करणारा, हुशार, तब्येतीनं दणकट. तो येताजाता साप गळ्यात घालून सेल्फी काढायचा. एकदा त्यानं सापाच्या काचेच्या टाकीचं झाकण उघडं ठेवलं आणि तो साप मावशींना लाँड्रीच्या बास्केटमध्ये, धुतलेल्या टॉवेलांच्या घडीत सापडला. मावशींनी त्याला महिन्याची मुदत देऊन नवीन खोली शोधायला लावली. "न घाबरणारी माणसं झाकण लावायला विसरतात," त्या म्हणाल्या. "मला घाबरणारीच पाहिजे होती."

अशी मी त्या घरात राहायला गेले ती केवळ भित्री म्हणून.

मावशी मूळच्या अमरावतीच्या. लग्न होऊन टेक्सासला आल्या त्याला माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली होती. एका हॉस्पिटलच्या फार्मसीत आयुष्यभर नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. काका मी यायच्या आधीच गेले होते, मुलगी सिॲटलला होती. मावशींच्या बोलण्यात अमरावती आणि टेक्सास शेजारी शेजारी नांदत. एखाद्या गोऱ्या माणसाला "यॉल बसा नं बाप्पा" असं त्या सहज म्हणून जात आणि तोही सहज बसत असे. अंगात कायम सुती कुर्ता, खाली ट्रॅक पँट, पायात पळायचे बूट. पळताना मात्र त्यांना कुणी कधी पाहिलं नाही.

बाहेरून त्यांचं घर त्या वसाहतीतल्या बाकीच्या घरांसारखंच होतं. तीच विटांची भिंत, तसंच लॉन, तसाच गॅरेजचा दरवाजा. आत जिथे लोकांचं डायनिंग टेबल असतं, तिथे काचेच्या टाक्या होत्या. प्रत्येक टाकीत भुसा, लाकडाचा तुकडा, पाण्याची वाटी, वर उबेसाठी दिवा. गॅरेजमध्ये सापांच्या खाण्याच्या गोठवलेल्या उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीजर. त्यातल्या डब्यांवर मावशींनी मार्करनं ठळक मराठीत लिहून ठेवलं होतं, 'खोबरं नाही.' मराठी मंडळाच्या गणपतीत, मोदकांच्या वेळी एक काकू घाईघाईत चुकीचा फ्रीजर उघडून बसल्या होत्या, तेव्हापासून.

साप मात्र एकाच जातीचे. हॉगनोज. हातभर लांबीचा, जाडसर, भुऱ्या ठिपक्यांचा साप. नाक डुकरासारखं वर वळलेलं, त्यामुळे चेहऱ्यावर कायम कुणीतरी अपमान केल्याचा भाव. याला विष असतं, पण सौम्य, बेडकांपुरतं. विषाचे दातही तोंडात पार मागे, त्यामुळे नुसतं डसून त्याचं भागत नाही, धरून चावत बसावं लागतं. माणसाला बहुतेक वेळा तो चावतो तो हाताला उंदराचा वास येत असेल तेव्हा. मग बोट सुजतं, लाल होतं, खाजतं, क्वचित फोड येतात, आणि काही दिवसांत सगळं उतरतं. हे सगळं मावशींनी मला पहिल्याच चहाच्या वेळी सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "हे झालं सापाचं. माणसाचं अंग काय करेल ते सापाला माहीत नसते, मलाही नाही."

मावशींनी यांतला एकही साप विकत आणलेला नव्हता. पहिला, वॉफल नावाचा, शेजारच्या मुलीचा. ती कॉलेजला गेली, होस्टेलवर साप चालेना, म्हणून नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंत ठेवाल का, अशी विनंती झाली. काका नुकतेच गेले होते. घरात काहीतरी जिवंत असावं म्हणून मावशींनी हो म्हटलं. थँक्सगिव्हिंगला मुलगी घरी आली, वॉफलला घेऊन गेली, आणि त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांनी टाकी परत आणून दिली. वॉफल त्यांना चावला होता.

मग ही गोष्ट पसरली. गावातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दुकानदारानं मावशींचा नंबर लोकांना द्यायला सुरुवात केली. साप पाळणाऱ्यांत एक नेहमीचा प्रकार असतो. पिल्लू असताना कौतुकानं आणतात, फोटो काढतात, नाव ठेवतात, आणि एक दिवस तो चावला की माणसाचं मन फिरतं. सूज उतरते, पण त्या टाकीकडे बघणं नको होतं. असे साप मावशींकडे येत. त्या नावंसुद्धा बदलत नसत. "त्याचं घर बदललं, तेवढं पुरे झालं त्याले," म्हणायच्या. त्यामुळे कपाळाला कुंकू लावलेली ही बाई टाकीत डोकावून "प्रिन्सेस, जेवली नाहीस का गं?" असं विचारताना दिसायची. सापांना तसलं काही ऐकू येत नाही, हे मी एकदा त्यांना सांगायला गेले. "मला येते नं," त्या म्हणाल्या.

साप द्यायला आलेल्या माणसाला मावशी दारातून परत पाठवत नसत. त्याला किचनमध्ये बसवायचं, आल्याचा चहा द्यायचा, आणि समोर बसून एकच प्रश्न विचारायचा: "चावला तेव्हा पहिल्यांदा काय केलंत?"

लोक आधी चावलेली जागा दाखवत. मावशी ती नीट बघत, फार्मसीतला जुना हात फिरवत, आणि पुन्हा विचारत. "ते दिसलं. तुम्ही काय केलंत ते सांगा."

त्या किचनमध्ये मी लोकांना जे सांगताना ऐकलं, ते त्यांनी आपल्या घरात कुणाला सांगितलं नसेल. जिममध्ये ट्रेनर असलेला, दंड माझ्या कमरेएवढे असलेला एक माणूस चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाला की चावल्यावर त्यानं आईला फोन केला. आई फ्लोरिडात. साप अजून बोटाला लटकलेला, आणि हा व्हिडिओ कॉलवर आईला तो दाखवतोय. मग आई तिकडे किंचाळली म्हणून हा इकडे रडायला लागला. सांगून झाल्यावर तो खाली मान घालून बसला. मावशी उठल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आईला फोन केलास, उत्तम केलंस. ओरडणारा माणूस मला आवडतो. त्याला मदत मिळते." जाताना तो त्यांना मिठी मारून गेला. मावशी त्याच्या मिठीत पार दिसेनाशा झाल्या होत्या.

एक डेंटिस्ट बाई आली होती. ती म्हणाली, मी आधी घड्याळ बघितलं, मग फोटो काढला, मग साप सोडवला. तिला वाटलं होतं मावशी खूश होतील. मावशी म्हणाल्या, "आणि मग?" तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मग बाथरूममध्ये जाऊन बसले आणि हात थरथरायला लागले." "हां," मावशी म्हणाल्या, "आता खरं आलं," आणि त्यांनी तिला चिवड्याची बशी पुढे केली.

मावशी चिडलेल्या मी फक्त एकदाच पाहिल्या, आणि त्याही एका पुण्याच्या मुलावर. माझ्यासारखाच आयटीतला, नवीन लग्न झालेला. त्यानं बायकोच्या विरोधाला न जुमानता साप आणला होता. साप चावला तो बराच वेळ चावला, कारण यानं ओरडायचं टाळण्यासाठी दात आवळून धरले होते. बायको शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. त्यानं हाताला रुमाल गुंडाळला आणि तिला सांगितलं, दारात बोट चेंगरलं. नंतर कोपरापर्यंत सूज गेली तेव्हा कुठे ती त्याला अर्जंट केअरला घेऊन गेली, आणि तिथेसुद्धा हा डॉक्टरला दारच सांगत राहिला.

"दार?" मावशींचा आवाज चढला. "दाराला दात असतात? अरे, डॉक्टरला काय कळणार मग? तुझं अंग सांगत होतं आणि तू त्याच्या तोंडावर हात ठेवून बसला होतास!"

"मावशी, ती म्हणाली असती, मी सांगितलं होतं ना."

"मग म्हणू द्यायचं होतं. तेवढ्यानं मेला असतास?"

तो कसनुसा हसला. त्याचा साप म्हणजे जनरल. टाक्यांमध्ये सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात खादाड.

मलाही एकदा वॉफल चावला. माझी भीती तोवर बरीच गेली होती, आणि मावशींच्या म्हणण्याप्रमाणे माणूस चावून घेतो तो याच टप्प्यावर. मी खाणं दिल्यावर हात न धुता पाण्याची वाटी बदलायला गेले. त्यानं बोट धरलं आणि मी त्याला म्हणाले, "सॉरी." इंग्रजीत, ऑफिसात कुणाला धक्का लागल्यावर म्हणतात तसं. मावशी हसून हसून खुर्चीत बसल्या, पण हसता हसता त्यांनी माझा हात नळाखाली धरला, वॉफलला हलकेच सुटू दिलं, बोटातली अंगठी काढायला लावली आणि सुजेच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारली. रेघेबाहेर सूज गेली की मला सांगायचं, म्हणाल्या. ती रेघेबाहेर गेली नाही. मंडळात मात्र मी 'सापाला सॉरी म्हणणारी' म्हणून ओळखली जाऊ लागले.

आणि त्या स्वतः? एका रविवारी सकाळी पोह्यांची फोडणी तडतडत असताना प्रिन्सेस त्यांना अंगठ्याच्या बेचक्यात चावली. टाकी साफ करता करता त्यांनी तिला हातात घेऊन ठेवलं होतं आणि तशाच स्टोव्हपाशी आल्या होत्या. मी टेबलाशी कांदा चिरत होते. मावशी शांतपणे म्हणाल्या, "स्टोव्ह बंद कर गं, मोहरी करपेल." मी वर बघितलं तर प्रिन्सेस त्यांच्या हाताला धरून चघळत होती. मी किंचाळले. मावशी सिंकशी जाऊन गार पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या. ओढायचं नाही, तिचे दात तुटतील, म्हणाल्या. तिनं सोडेपर्यंत त्या मला पोह्यांत शेंगदाणे कधी घालायचे ते सांगत होत्या. तो आठवडा त्यांचा हात पुरणपोळीसारखा फुगला होता. त्या हातानं त्यांनी मंडळाच्या कार्यक्रमाला पेटीसुद्धा वाजवली.

त्या दिवशी मला वाटलं होतं, या बाईला कशाचंच भय नाही. खरं काय ते समजायला मला वेळ लागला.

पुढच्या वर्षी एकदा मी ऑफिसातून आले तर मावशींचा ओठ सुजलेला. "काय झालं?" "काही नाही, गरम चहा लागला." आणखी काही महिन्यांनी मानेवर, हातांवर लाल गांधी. "काही नाही गं, पित्त उठलं. नागपंचमीला मंडळातल्या बायकांनी वांग्याची भाजी आणली होती." मी विश्वास ठेवला. मावशींवर अविश्वास दाखवावा असं कधी घडलंच नव्हतं.

मग ती दुपार. शनिवार होता, मी वर माझ्या खोलीत लॅपटॉपवर होते. खालून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी जिना उतरून गेले तर मावशी किचनच्या फरशीवर कपाटाला टेकून बसलेल्या. चेहरा ओळखू येईना इतका सुजलेला, डोळे बारीक झालेले, गळ्यावर गांधींची दाटी. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. जनरल टाकीत होता, झाकण नीट लावलेलं. तेवढं त्यांनी केलं होतं.

"जनरल चावला?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. बोलता येत नव्हतं. बोटानं सिंकजवळचा ड्रॉवर दाखवला. मी तो ओढला. आत चमचे नव्हते. ॲलर्जीवर घेतात ती पेनसारखी इंजेक्शनं होती, एक उघडलेला खोका आणि एक न उघडलेला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर फिरवली, माझ्या हातातून एक घेतलं आणि सवयीच्या हातानं ट्रॅक पँटवरून मांडीत टोचलं.

काही मिनिटांत शिट्टी जरा कमी झाली. मी फोन उचलला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको करू," आवाज घोगरा येत होता. "उतरते आता. अँब्युलन्स आली तर अख्ख्या गल्लीले कळते. शेजारीण लगेच सिॲटलला फोन करते. पोरगी येते आणि साप जातात."

"मावशी, हे इंजेक्शन घेतलं तरी हॉस्पिटलला जावंच लागतं. परत सुरू होऊ शकतं. तुम्ही आयुष्यभर फार्मसीच्या खिडकीत लोकांना हेच सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"मग?"

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. मग मी दुसऱ्या हातानं नंबर लावला. पलीकडची बाई पत्ता विचारत होती, आणि मी रडत ओरडत तो सांगत होते, आणि मावशी माझ्याकडे बघत होत्या. नंतर त्या मला म्हणाल्या की तेव्हा मी जशी ओरडत होते, तसं त्या वर्षभरात त्यांनी ओरडायला हवं होतं.

इमर्जन्सीत डॉक्टर तरुण होती. तिनं विचारलं, "याआधी असं झालं होतं का?"

मी त्यांच्या बिछान्याशेजारी उभी होते. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, आणि डॉक्टरला उत्तर दिलं, "हो. झालं होतं. दर वेळी आधीपेक्षा जास्त. मी कुणाला सांगितलं नाही."

डॉक्टरनं सगळं समजावून सांगितलं. वारंवार चावून घेतल्यानं त्यांच्या अंगानं त्या विषाची धास्ती घेतली होती. दुसऱ्या कुणाला नुसतं खाजलं असतं, तिथे त्यांचा गळा बंद व्हायला आला होता. पुढच्या वेळी इंजेक्शन पुरेल की नाही, सांगता येणार नाही. मावशी हे सगळं जाणून होत्या. तरी ती बोलत असताना त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, शहाण्या पेशंटसारख्या ऐकत राहिल्या.

घरी येताना मी गाडी चालवत होते. टोल रोडवर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्या पुण्याच्या पोराला मी किती बोलले नं?"

"हो."

"त्याला फोन करायला पाहिजे."

मी टोल रोड सोडून खालच्या रस्त्याला लागले. थोड्या वेळानं त्याच पुढे म्हणाल्या, "तुला वाटत असेल, एवढं काय त्या सापांत. साप काही मला ओळखत नाहीत. मला माहीत आहे ते. पण काका गेल्यावर या घरात कोण येत होतं सांग? महिनाअखेर मंडळाची मीटिंग, बस. साप आले आणि माणसं यायला लागली. दारात उभं राहून घाबरत, लाजत. चहा घेत. खरं बोलत. साप गेले तर माझ्या किचनमध्ये कोण बसेल?"

मी त्यांचा हात धरला, सिग्नल हिरवा होईपर्यंत.

घरी आल्यावर त्यांनी पळायचे बूट काढले, खुर्चीत बसल्या आणि सिॲटलला फोन लावला. मी उठून जायला निघाले तर हातानं खूण करून मला बसवलं. स्पीकरवर मुलीचा आवाज आला. मावशींनी सगळं सांगितलं, चहा नाही, पित्त नाही, वांगं नाही. मुलगी आधी ओरडली. इंग्रजीत, भरभर, रडत. मावशी मध्ये मध्ये फक्त "हो बेटा" म्हणत होत्या. ती थांबल्यावर म्हणाल्या, "बोललीस ते बरं केलंस. अजून बोल." त्यावर मुलगी हसली की पुन्हा रडली, मला कळलं नाही. साप दुसऱ्या घरी देऊन टाकायचे, हेही त्याच फोनवर ठरलं.

त्यांनी पुण्याच्या मुलालाही खरंच फोन केला. माफी मागितली. तो इतका गांगरला की सारखा "अहो मावशी, अहो मावशी" म्हणत राहिला. शेवटी त्याच्या बायकोनं फोन घेतला आणि दोघींचं अर्धा तास बोलणं झालं. ती दोघं आता महिन्यातून एकदा जेवायला येतात.

माणसं येणं मात्र थांबलं नाही; हे मावशींनी धरलं नव्हतं. दुकानदार आजही त्यांचा नंबर देतो, आता साप ठेवून घेण्यासाठी नाही, तर चावून घेतलेल्या माणसांसाठी. फोन येतो, मावशी स्पीकर लावतात, आणि पलीकडून कुणीतरी धापा टाकत सांगतं की अजून सोडत नाहीये. "गार पाणी सोडा बोटावर. अंगठी काढा. ओठ सुजतायत का, श्वास लागतोय का? लागत असेल तर फोन ठेवा आणि नाइन वन वन करा, माझ्याशी बोलत बसू नका." निभावून नेलेले लोक पुढे केव्हातरी फुलं, केक, काहीबाही घेऊन चहाला येतात. त्यांच्या चावण्याच्या जागा मावशी अजून कौतुकानं बघतात. फक्त हातमोजा घालून.

पण साप देणं सोपं गेलं नाही. मावशी प्रत्येक घेणाऱ्याला सगळं खरं सांगत. मी एकदा म्हटलं, जनरलनं तुम्हाला हॉस्पिटलात पाठवलं हे पहिल्याच वाक्यात सांगायला हवं का? "पहिल्याच वाक्यात," त्या म्हणाल्या. त्यामुळे वॉफल गेला, प्रिन्सेस गेली, बाकीचेही एकेक करून गेले, आणि जनरल राहिला. तोवर त्याचं खाणं, टाकी सगळं मी बघत होते. मावशी खोलीच्या दारात उभ्या राहून सूचना द्यायच्या, हात पाठीमागे बांधून, शाळेत तपासणीला आलेल्या बाईंसारख्या.

शेवटी डेंटनच्या पलीकडच्या एका छोट्या गावातून एक बाई आली. पियानो शिकवणारी, पन्नाशीची, उन्हानं रापलेली. चहाला बसली. मावशींनी विचारायच्या आतच तिनं सांगितलं की तिला आधी एकदा हॉगनोज चावला आहे, ती जोरात किंचाळली होती आणि हातातली कॉफी नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर उडाली होती. अंगाला काय झालं? थोडी सूज, बस.

"पियानो वाजवता," मावशी म्हणाल्या. "बोटं सुजली तर?"

"एका वेळी एकच हात सुजेल ना," बाई म्हणाली. "दुसऱ्या हाताचे धडे घेईन."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी जनरलला आणायला उठले.

गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेवर आम्ही उभ्या होतो. दुपारचं ऊन होतं. बाईच्या गाडीची डिकी उघडी, आत तिनं आणलेला खोका. मी जनरलला बाहेर काढला तसा तो फुगला, मान चपटी केली, फुस्स फुस्स करत सुटला. मला भीती वाटली की हातातून सुटेल, म्हणून मी त्याला क्षणभर लॉनवर ठेवला. आणि जनरल मेला.

माझ्या डोळ्यांसमोर मेला. दोन झटके दिले, अंग पिळलं, पालथा होऊन पोट वर केलं, तोंड वासलं आणि जीभ बाहेर लोंबली. मी आणि ती बाई, दोघी एकदम दोन पावलं मागे सरकलो.

मावशी मात्र हसायला लागल्या. "नाटक करून राहिला तो! या जातीची खोड आहे ही. घाबरला की मरतो. इतक्या दिवसांत माझ्यासमोर कधी केलं नव्हतं यानं. सुलटा कर त्याला."

मी त्याला सुलटा केला. तो लगेच पुन्हा उलटा झाला, जणू मेलेल्या सापानं पोट वर करूनच पडायचं असतं. पुन्हा केला, पुन्हा उलटला. आता पियानोवाली बाईही हसत होती, आणि मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग आम्ही वाट बघत थांबलो. जनरलनं हळूच डोकं वर केलं, आम्ही तिघी दिसलो, आणि तो धपकन परत मेला.

"आपण बघतोय तोवर तो उठत नाही," मावशी म्हणाल्या. "तोंडं फिरवा सगळ्यांनी."

सगळ्यांत आधी त्या फिरल्या. आम्ही रस्त्याकडे तोंड करून रांगेत उभ्या राहिलो. समोरच्या घरी स्प्रिंकलर सुरू होता. मागे गवतात थोडं सळसळलं, मग थांबलं, मग पुन्हा सळसळलं. बाई दबक्या पावलांनी मागे गेली. खोक्याचं झाकण लागल्याचा आवाज आला, मग डिकीचा, मग गाडी सुरू झाल्याचा.

मी वळून हात हलवला. मावशी रस्त्याकडे तोंड करूनच उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, गाडी त्यांच्या समोरून निघून जाईपर्यंत.